कडेची खुर्ची

“आज तू एक जागा आत सरक,” भाऊ म्हणाला. म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय सैल झाला होता, तो आवळण्यात त्याचं सगळं लक्ष होतं. ती खुर्च्या पुसत होती. हातातलं फडकं तिसऱ्या खुर्चीच्या पाठीवर होतं, ते तिथेच राहिलं. स्टुडिओत घरच्या फोटोसाठी ओळीने चार खुर्च्या मांडायच्या. तीन हातांच्या, जड, पाठीवर फुलं कोरलेल्या, आणि चौथी, अगदी कडेची, बिनहाताची. ती बिनहाताची तिची. ती तिला कुणी दिली नव्हती, तिथे बस असं कुणी सांगितलंही नव्हतं. पण घरचा फोटो म्हटलं की गाय दावणीकडे वळावी तसे तिचे पाय आपसूक तिकडे वळायचे. केस काळे होते तेव्हापासून वळत आलेले पाय. आज ती खुर्ची भावाने पडद्यामागे नेऊन ठेवली होती आणि तिच्या जागी लहान मुलांची उंच पाठीची चिमुकली खुर्ची मांडली होती. गिऱ्हाइकांची पोरं तिच्यावर बसवून समोरून खुळखुळा वाजवायचा, तीच ही खुर्ची.

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि तिसऱ्या खुर्चीवर बसून पाहिलं. खुर्चीचे हात तिच्या कोपरांना लागले. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यावर वाटतं तसं झालं. गार नाही, पण आपलंही नाही. बिनहाताच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवायचे असतात, एकात एक गुंतवून, आणि अंग थोडं आत झुकवायचं असतं. तिचं अंग तसंच घडलं होतं. रस्त्याने एकटी चालतानासुद्धा ती डावीकडे कलते असं भावजय हसून म्हणायची. आता या हातांच्या खुर्चीवर ती सरळ बसली आणि तिच्या पाठीतून कुठून तरी एक सुख वर चढलं. ते तिला ओळखू आलं आणि तिने ते दाबलं नाही. वरच्या मजल्यावर भावजय रिकाम्या पाळण्याचे खिळे हलतात का ते बघत होती, त्याचा ठक ठक आवाज छतातून येत होता. भाचा आणि त्याची बायको बाळ आणायला गेले होते.

धंद्यातली ही रीत तिला दादांकडून कळली होती. दादा, म्हणजे या घराचे वडील, या स्टुडिओचे मालक. ते म्हणायचे, घोळक्याचा फोटो मांडताना आधी मनात घोळक्याचे दोन भाग करायचे, राहणारे आणि जाऊ शकणारे. राहणारे मध्ये घ्यायचे. जाऊ शकणारे कडेला. नुकतं लग्न ठरलेला जावई, भांडून माहेरी जायची शक्यता असलेली सून, भागीदार, दूरचा भाचा, सगळे कडेला. त्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही. तुम्ही उंच आहात, तुमच्यावर उजेड छान पडतो, असं काहीतरी गोड बोलून उभं करायचं. माणूस गेला की लोक फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, हा एवढा काढून द्या. तेव्हा कडेची पट्टी कापून देता आली पाहिजे. “कडेचं माणूस कापलं तर फोटो लहान होतो,” दादा म्हणायचे. “मधलं कापलं तर फोटोच राहत नाही.” हे ते हसून सांगायचे, चार लोकांत सांगायचे, आणि लोकही हसायचे.

मागच्या खोलीत पात्याची फळी होती. फोटो कडेला लावून वरचं लांब पातं दांड्याने खाली ओढायचं. ते काम तिच्याकडे होतं. शाळा सुटली तेव्हापासून तीच फोटो कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची, बारीक ब्रशने पांढरे ठिपके भरायची. माणसं कापायला तिला कधी काही वाटलं नाही. पातं खाली येताना काकडी कापल्यासारखा आवाज होतो आणि एक लांबट, चिंचोळा माणूस वेगळा होऊन पडतो. त्रास व्हायचा तो हातांचा. एकदा एक बाई लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या होत्या. जावई काढायचा होता. जावई कडेलाच होता, दादांनी नेमका ठेवला होता, पण ऐन वेळी त्या शहाण्याने बायकोच्या खांद्यावर हात टाकला होता. जावई कापला, हात राहिला. खांद्यावर चार बोटं, मागे माणूसच नाही. तिने दिवसभर ब्रश घेऊन त्या बोटांची कपड्याला पडलेली चुणी केली. बाई फोटो बघून खूश झाल्या. लेक बरोबर होती. तिने फक्त आपल्या त्याच खांद्यावर हात नेला आणि तिथे काही आहे का ते चाचपलं. तेव्हापासून दादा कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढून कडेच्या माणसांना आधी एकच शब्द म्हणायचे, हात. लोकांना वाटायचं, हात नीट ठेवायला सांगतात.

ती या घरात आली तेव्हा तिला बसताही येत नव्हतं. दादांना आणि आईला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. संस्थेतून आणलं. आणलं त्या आठवड्यात दादांनी एक मोठा फोटो काढला होता म्हणे, आई खुर्चीवर, मांडीवर ती, मागे दादा, आजूबाजूला काका-काकू. वरच्या जिन्यासमोर लावला होता. पुढच्या वर्षी भाऊ झाला. आईच्या पोटचा. सगळं गाव आश्चर्य करायला आलं, पायगुण म्हणाले, हिच्या पायगुणाने झालं. पायगुण संपला की पायाचं काम संपतं. आई तिला पाहुणी म्हणायला लागली. आमची पाहुणी. लाडाने म्हणायची, तोंडात साखर ठेवून. ते नाव असं काही चिकटलं की शाळेच्या दाखल्यातलं नाव तिला स्वतःला आठवून सांगावं लागे. खाण्यापिण्यात कमी नव्हतं, कपडे भावाच्याच ताग्यातले, मारलं तर दोघांना सारखं मारलं. स्थळं आली, विचारपूस झाली, गेली. फक्त भिंतीवरच्या चौकटी नेहमी थोड्या लहान पडायच्या. दादा म्हणायचे, “पाहुणी, एवढी पट्टी काढ गं, चौकटीत बसत नाही.” चौकट दर वेळी लहान पडायची आणि नेमकी तिच्याएवढीच लहान पडायची. पहिल्यांदा तिने स्वतःला कापलं तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या. पातं वेणीच्या अगदी बाजूने उतरलं, तिने ते जपून उतरवलं, भावाच्या बाहीला धक्का लागू नये म्हणून. काम स्वच्छ झालं असं दादा म्हणाले. ती पट्टी तिने इतर पट्ट्यांबरोबर टोपलीत टाकली. टोपलीत तिच्यावर कुणाचा तरी जावई पडला.

म्हणून भाच्याने विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. भाचा आधी तिच्याकडे आला होता, आईबापांकडे जायच्या आधी. मागच्या खोलीच्या दारात उभा राहून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांशी खेळत, त्याने सांगितलं होतं की त्यांनी ठरवलंय, संस्थेतून मुलगी आणायची. “आत्या, तुला काय वाटतं?” तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. तिने एवढंच म्हटलं, “आणा.” तो गेल्यावर ती ब्रश हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला वाटलं होतं, आता या घरात आपल्या जातकुळीचं कुणी येईल. कडेला दोघी होऊ. दोघींची पट्टी रुंद होते, सहज कापली जात नाही. म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या दुपारी जे जे वाटतं ते तिला वाटलं होतं. त्या बाळाला आपण काय काय सांगू, कुठे बसायचं ते, कुणाच्या हसण्यावर जायचं नाही ते. कडेला एकच खुर्ची असते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आज आलं, भावाने ती जागा दुसऱ्याला दिल्यावर.

“का रे?” तिने बसल्या जागेवरून विचारलं. “बाळ सुनेच्या मांडीवर नको का?”

भावाने स्टँड हलवून बघितला. तो आता पक्का झाला होता. मग तो आला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर, आपल्या नेहमीच्या जागी, गुडघा धरून बसला. त्याचा आवाज वाईट नव्हता. तो तिच्याशी कधी वाईट आवाजात बोलला नाही. तो म्हणाला, डॉक्टरांनी अजून दार लावलेलं नाही, पोरं तरुण आहेत, सून पस्तिशीचीही नाही. उद्या त्यांचं झालं तर? “दादांना तरी कुठे माहीत होतं मी येईन म्हणून? तुला मधोमध बसवलं होतं. आईच्या मांडीवर. आईचा तसा फोटो पुन्हा आला नाही, पाहुणी. काय हसली होती ती त्यात. पण ठेवता आला नाही. कापणार कुठून?” आईच्या आठवणीने त्याचे डोळे खरोखरच ओले झाले. “दादा म्हणायचे, तेवढी एक चूक झाली आपल्या हातून.”

जिन्यासमोरच्या भिंतीवर एक फिकट चौकोन आहे, रंग दिला तरी पुन्हा वर येतो, तो तिला दिसला. लहानपणी त्या चौकोनाला पाठ टेकून ती भावाला गोष्टी सांगायची. तिला वाटलं, आता आपल्याला राग येईल. ती वाट बघत बसली. गुडघ्यावर हात चोळणारा हा म्हातारा, याच्या शेंबडाची फडकी आपण धुतली, याला काहीतरी टोचेल असं बोलावं. पण राग येण्याऐवजी खुर्चीचे हात पुन्हा कोपरांना लागले आणि तेच सुख पाठीतून वर आलं. तिला इतकंच समजलं की ती आता राहणाऱ्यांत आहे. इतक्या वर्षांनी, दुसरं कुणी मिळाल्यावर का होईना. भाऊ उठला, आणि उठताना त्याने तिच्या खांद्यावर हात टेकला. आधारासाठीच टेकला, पण टेकला.

दुपार कलताना बाळ आलं. जिन्यावर चपलांचा आवाज, मग भाच्याचं दबकं हसणं, मग सून दारात. अंगावर निळा कोट, मान एका बाजूला कललेली, कारण बाळाने तिचे केस मुठीत धरले होते. सून इस्पितळात क्ष-किरणांच्या खोलीत काम करायची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याला म्हणाली होती, आपण एकाच धंद्यातले बाबा, तुम्ही वरून काढता, मी आतून. त्या दिवशी भाऊ पोट धरून हसला होता. भावजयीने दारातच बाळ घेतलं, मुके घेतले, खोटं काही नव्हतं त्यात. तिला मुलं आवडत. मग सवयीने तिने बाळाचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “बघू बघू, नाक कुणाचं...” खोलीत सगळ्यांनी एकदम काहीतरी उचललं, कुणी पिशवी, कुणी दुधाची बाटली. सूनच हसली. म्हणाली, “नाक तिचं तिचंच आहे हो आई, आणि वाहतंय.” भाचा खो खो हसला, भावजय हसली, भाऊ हसला. तीही हसली, पण उशिरा, आणि तिच्या एकटीचा आवाज मागे उरला.

बाळ बसणारं होतं, दोन दात होते. ते हातोहाती फिरत तिच्याकडे आलं. तिने घेतलं. वजन अपेक्षेपेक्षा जास्त होतं आणि डोक्याला कुठल्या तरी मोठ्या जागेतल्या साबणाचा वास होता, जिथे एकाच साबणाने खूप मुलं धुतली जातात तसला. तो वास तिच्या नाकात जाऊन बसला. तिला तो आठवणं शक्य नव्हतं. बसताही न येणाऱ्या पोराला काय आठवणार? तरी तिच्या हातांवर काटा आला आणि तिने बाळ पटकन भावजयीकडे दिलं. देताना बाळाने तिच्या बाहीचं टोक धरलं होतं, ते सुटता सुटेना. सून म्हणाली, “आत्या, तुम्हीच आवडलात तिला. माणसं ओळखते बरं का आमची.” भावजय म्हणाली, ताई कुणाला नाही आवडत, एकटा जीव सदाशिव, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात.

सगळे खाली आले. भावाने सगळ्यांना जागा दिल्या. खुर्च्यांवर भावजय, मग तो स्वतः, मग ती, आणि कडेला चिमुकल्या खुर्चीत बाळ, पोटाला मऊ कापडाची पट्टी बांधून. मागे भाचा आणि सून उभे, भावजय आणि भाऊ यांच्या बरोबर पाठीशी. सून बाळाच्या मागे जाऊन उभी राहिली होती, तिला भावाने हाताला धरून मध्ये आणलं. उंचीचा तोल जातो म्हणाला. बाळ एकटं राणीसारखं दिसेल, मांडीवर घेतलं की कपड्यात हरवतं. सून ऐकून गेली, पण तिचा पाय काही स्थिर होईना. ती पुन्हा पुन्हा त्या चिमुकल्या खुर्चीकडे बघत होती. मग तिने वाकून विचारलं, सासऱ्याला नाही, तिला. “आत्या, तुम्हाला कळतं यातलं. तिला अशी अगदी कडेला का ठेवलीय? मी घेऊन बसू का तिला?”

या एका वाक्यासाठी त्या दिवसात जागा होती. सून तिच्या कानाशी वाकलेली होती, भाऊ कॅमेऱ्याच्या मागे होता, त्याला ऐकू गेलं नसतं. घे म्हटलं असतं तर सूनबाईने बाळ उचललं असतं, मधल्या खुर्चीवर कुणाला तरी उठवून बसली असती, ती ऐकणारी नव्हती. मग पडद्यामागून बिनहाताची खुर्ची आली असती. ते सगळं तिला फोटोसारखं एकदम दिसलं, कोण कुठे सरकेल ते. तिचे हात खुर्चीच्या हातांवर होते. लाकडातल्या कोरलेल्या फुलात तिचं बोट फिरत होतं. “नको,” ती म्हणाली. “उजेड तिथेच चांगला आहे.”

“बरं,” सून म्हणाली. “मग तिचा हात धराल ना? एकटी घाबरेल.”

“हो,” ती म्हणाली.

बाळ घाबरलं वगैरे नव्हतं. ते दिव्यांकडे बघत होतं. मग त्याने इकडे तिकडे चाचपलं आणि मघाचीच बाही त्याला सापडली. ती त्याने धरली, मग बाहीतून बाहेर आलेला हात सापडला, त्याचं बोट धरलं. मूठ ओली होती आणि गरम होती. तिने बोट तसंच राहू दिलं. असं काही तिच्या त्या बाजूला कधी नव्हतं. कडेच्या खुर्चीच्या पलीकडे फक्त पडद्याची घडी असते. आता तिच्या एका अंगाला भाऊ होता आणि दुसऱ्या अंगाला कुणीतरी बोट धरून होतं, आणि क्षणभर तिला वाटलं की दोन्ही होईल. आपण आतही राहू आणि हा हातही राहील. भावाने कॅमेऱ्यात डोळा घातला, लांबून डावा हात वर केला, सगळे सावरून बसले. मग त्याने मान बाहेर काढली. दादा काढायचे तशीच, एका बाजूने.

“पाहुणी,” तो म्हणाला. “हात.”

भाचा आणि सून नीट उभे राहिले. भावजयीने आपले दोन्ही हात मांडीवर घेतले. तिने खाली बघितलं. ओल्या पुठ्ठ्यावर चिकटलेला फोटो सोडवायची एक रीत असते. ओढायचा नाही, फाटतो. एका कोपऱ्यातून नख घालायचं आणि हळूहळू उचलत जायचं. तिने आधी अंगठा सोडवला. मग करंगळी. मधली बोटं घट्ट होती, पण मधली बोटं एकटी काही धरून ठेवू शकत नाहीत. भावाने टायमर लावला, तो गांधीलमाशीसारखा गुणगुणायला लागला, आणि भाऊ लंगडत आपल्या खुर्चीकडे धावला. सगळ्यांना त्याच्या त्या धावण्याचं हसू आलं. बाळ रडलं नाही. ते तिच्याकडे बघत होतं. तिने आपला हात उचलून खुर्चीच्या हातावर घेतला, बाही आत ओढली, अंग आणखी थोडं भावाकडे सरकवलं, आणि सरळ समोर, काचेच्या गोल डोळ्यात बघितलं. आवाज झाला.

घरचा फोटो भाऊ अजून स्वतःच धुवायचा, काळ्या-पांढऱ्यात. वाळल्यावर त्याने तो सगळ्यांना दाखवला. चांगला आला होता. भाऊ धापा टाकत हसतोय, भावजय हसतेय, मागचे दोघे हसताहेत, आणि ती, मान ताठ, कुणी मोठी बाई असावी तशी. सगळे समोर बघताहेत. एकटं बाळ समोर बघत नाही. त्याचा हात हवेत आहे, बोटं उघडी, तिच्या दिशेला. सुनेला तो फोटो इतका आवडला की तिने तो छातीशी धरला. म्हणाली, “बघा ना, आत्याकडे कशी हात पसरून झेपावतेय. आत्याचा लळा लागणार हिला.” भाच्याने मोबाईलवर त्याचाही फोटो काढून घेतला. तो म्हणाला, हा जिन्यासमोर लावू, तिथली भिंत रिकामीच आहे.

भावाने तो तिच्याकडे पुठ्ठ्यावर चढवायला दिला. पाठ वळवता वळवता म्हणाला, या वेळी चौकट मोठी घेतलीय, पट्टी काढू नकोस. आत्ता नको. तिने मागच्या खोलीत दिवा लावला, फोटो पात्याच्या फळीवर ठेवला आणि डोकं वाकवून बघितलं. बाहीच्या टोकापासून त्या उघड्या बोटांपर्यंत पडद्याची एक काळी घडी होती, वरपासून खालपर्यंत सरळ. तिने अंगठ्याचं नख त्या घडीवर टेकवलं. नख कुणालाही न लागता खालपर्यंत उतरलं.